जुनी क्लासिक 350 मनासारखी करून घ्यावी, की विकून हिमालयन 450 घ्यावी? नाशिककरांनो, सल्ला हवाय

पाथर्डीफाटा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आता तुमच्यासमोर मांडतो.

माझ्याकडे 2014 ची रॉयल एनफिल्ड क्लासिक 350 आहे. 346 सीसी, कार्ब्युरेटरवाली, पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही. पहिल्यापासून माझ्याच नावावर. रोजची धाव पाथर्डी फाटा ते अंबड एमआयडीसी, म्हणजे काहीच नाही. खरी चालते ती सुट्टीला: त्र्यंबक, घोटीवरून भंडारदरा, कधी सापुतारा. सासुरवाडी कळवणची, त्यामुळे दिंडोरी-वणी-नांदुरी रस्ता पाठ झालाय आणि त्या रस्त्याला बहुतेक वेळा डबलसीट असतो.

त्रास असा आहे. 80 च्या वर हँडल आणि फूटरेस्ट इतके थरथरतात की कळवण येईपर्यंत हाताला मुंग्या. रात्री हेडलाइट मिणमिणता. डबलसीट असताना खड्ड्यात मागचे शॉकअप तळाला आपटतात. वळणावर मागून गाडी किंचित डुलते. कंबर धरते ते वेगळंच.

एका कस्टमवाल्याने यादी करून दिलीय: रुंद हँडल, नवी सीट, नवे शॉकअप, अलॉय व्हील, एलईडी फॉगलाइटची जोडी, मोठा सायलेन्सर, टाकीला मॅट रंग. सगळं मिळून लाखाच्या आसपास. आता लाख घालायचेच तर ही विकून, थोडं कर्ज काढून हिमालयन 450 का घेऊ नये, असं वाटायला लागलंय. दोन लाखांपर्यंतचं कर्ज झेपेल. पण गाडीवर जीव आहे, तेही सांगून ठेवतो.

रानवारा

विका आणि 450 घ्या. अकरा-बारा वर्षांच्या गाडीत लाख घातले तरी विकताना त्यातला रुपया परत येत नाही. घेणारा वर्ष बघतो, किलोमीटर बघतो, सीटचं शिवणकाम नाही बघत.

घाटवाट

रानवाराताई, थोडं थांबा. भाऊंनी जे त्रास लिहिलेत ते एका जातीचे नाहीत, म्हणून उत्तरही एकच असणार नाही.

हँडल, सीट, फूटरेस्ट, लाइट, टायर, शॉकअप या गोष्टी बदलता येतात आणि बदलल्या की फरक जाणवतो. कंबर, मिणमिणता लाइट, खड्ड्यातला आपटा ही दुखणी त्यातली. थरथर मात्र त्यातली नाही. जुन्या 346 सीसी इंजिनात बॅलन्सर शाफ्टच नाही. एवढा मोठा एकच पिस्टन वरखाली होतो, त्याचा धक्का खोडायला समोर कोणी नाही, तो सरळ चासीत उतरतो. 2020 मध्ये मिटिऑर या मॉडेलबरोबर जे 349 सीसी इंजिन आलं त्यात बॅलन्सर दिला आणि 2021 मध्ये तेच इंजिन क्लासिकला बसलं. नवीन क्लासिक 80-90 ला धरून बघा, मी काय म्हणतोय ते हाताला कळेल. कंपनीने चासीपण बदलली. जुन्यात पुढून एकच नळी खाली येते आणि इंजिन स्वतःच चासीचा भाग आहे. नव्यात खालून दोन नळ्यांचा पाळणा आहे. पुढचा फोर्क 35 मिमीचा होता तो 41 चा झाला.

रुंद हँडलने थरथर जाणार नाही. बारएंडला वजनं आणि जाड ग्रिप लावली तर हाताला थोडी कमी लागेल, इतकंच. तेव्हा लाखाची यादी करणाऱ्याला विचारा की यातल्या कुठल्या वस्तूने माझा कुठला त्रास जाणार आहे. मॅट रंगाने कोणता जाणार? सायलेन्सरने कोणता?

आणि 450 बद्दल. ती 40 बीएचपीची, पाणी फिरवून थंड होणारी, सहा गिअरची गाडी आहे. तुमची 20 बीएचपीच्या आतली. फरक प्रचंड आहे. पण तुमच्या पूर्ण पोस्टमध्ये "ताकद कमी पडते" असं कुठेच आलेलं नाही.

पाथर्डीफाटा

खरंय, ताकदीची तक्रार नाही. कसाऱ्यात ट्रकच्या मागे अडकलो की तिसऱ्यात टाकून निघतो, तेवढं बस होतं. मुंबईला गाडीवर जाणं फारसं नाही आणि समृद्धीवर दुचाकीला बंदीच आहे, त्यामुळे तासन्‌तास 110-120 ने पळवायचा प्रश्न येत नाही.

मिस्त्री_सिन्नर

मी बुलेटचंच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भाऊ, कस्टमची यादी घडी करून खिशात ठेवा. आधी गाडी कंपनीतून निघाली होती तशी करा. झिजलेल्या गाडीची तुलना शोरूममधल्या कोऱ्या गाडीशी केली तर कोरीच जिंकणार, त्यात जुन्या मॉडेलचा दोष किती आणि झिजेचा किती हे कधीच कळणार नाही.

वळणावर मागून डुलते म्हणालात. गाडी मेन स्टँडला लावा. मागचं चाक दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे हलवा. कटकट असा खेळ हाताला लागला तर बघा तो चाकातून येतोय की चिमट्यातून, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या फाट्यातून. चाकातून असेल तर बेअरिंग, चिमट्यासकट हलत असेल तर चिमट्याचे बुश गेले. या वयाच्या गाड्यांमध्ये बहुतेक बुशच निघतात, कारण कोणी तिथे ग्रीस मारत नाही. मग पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवा. मध्यभागी अडकल्यासारखं झालं तर कोनसेट (हँडलच्या मानेतली बेअरिंग) गेला. ही दोन्ही कामं लाखाची नाहीत, काही हजारांत होतात, आणि डुलणं तिथेच जातं. कोणी नवे महाग शॉकअप विकले आणि बुश तसेच ठेवले तर डुलणं राहणारच.

टायर कधी बदललेत? टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. 2319 असेल तर 2019 च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी शिल्लक असली तरी रबर कडक झालेलं असतं, ओल्यात पकड देत नाही. नखाने दाबून बघा.

पुढच्या फोर्कचं तेल आयुष्यात बदललंय का? दहापैकी नऊ जणांनी बदललेलं नसतं. काढलं की काळं पाणी निघतं. मागच्या शॉकअपला खाली खाचा असतात, त्या फिरवून स्प्रिंग कडक करता येते. डबलसीट निघताना दोन्ही बाजू सारख्याच खाचेवर आणायच्या.

लाइटचं सांगतो. फॉगलाइटच्या आधी मल्टिमीटर लावा. गाडी चालू ठेवून, लाइट लावून, बॅटरीवर व्होल्ट मोजा आणि मग बल्बच्या होल्डरवर मोजा. जुन्या वायरिंगमध्ये करंट हँडलच्या स्विचमधून फिरून येतो, तिथले टिकल्या-सांधे कार्बन धरतात. मध्ये दीड-दोन व्होल्ट खाल्ले गेले की बल्ब पिवळाच पेटणार. बॅटरीवरून फ्यूज आणि रिले (हँडलच्या स्विचऐवजी स्वतःतून करंट नेणारा जोड) टाकून वेगळी लाइन द्यायची, तोच 60/55 चा बल्ब पांढरा पेटतो. हे केल्यावरही कमी वाटलं तर मग फॉगलाइट बघा, आणि तेही रिलेवरच. मूळ वायर कापून जोडणारा माणूस असेल तर तिथून गाडी घेऊन निघा.

थरथरीबद्दल घाटवाट बरोबर बोलले, ती पूर्ण जाणार नाही. पण इंजिनाचे फाउंडेशन बोल्ट सैल असले, चेनसेट ताणलेला असला तर ती दुपटीने लागते. तेवढी तरी कमी होते. काही लोक पुढचं स्प्रॉकेट एका दाताने मोठं टाकतात. त्याच वेगाला इंजिन कमी फिरतं, थरथर कमी लागते, पण डबलसीट घाट चढताना गिअर लवकर खाली टाकावा लागतो. तुमचा रस्ता नांदुरी-कळवणचा असेल तर मी टाकणार नाही.

आणखी एक. कार्ब्युरेटरची जुनी गाडी आणि आताचं 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल. जुन्या गाड्यांत वीस-तीस हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग, गॅस्केट बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही 2025 च्या ऑगस्टमध्ये सांगितलंय. पेट्रोलची नळी आणि कार्ब्युरेटरचे ओ-रिंग हात लावला आहे तोवर बदलून घ्या. गाडी महिना-महिना उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवा.

पंचवटीकर

मिस्त्रींचं एकूण एक पटलं. पण या धाग्यात सगळे ज्या मुद्द्यावरून पुढे निघून गेले तो माझ्या मते सगळ्यात मोठा आहे. गाडीला एबीएस नाही.

125 सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला एप्रिल 2019 पासून एबीएस सक्तीचं आहे. भाऊंची गाडी त्याच्या पाच वर्षं आधीची. आणि ते जातात कुठे, तर दिंडोरी-वणी रस्त्याला, पावसाळ्यात, डबलसीट. त्या रस्त्याला टोमॅटोचा हंगाम सुरू झाला की मळ्यातून ट्रॅक्टर सरळ डांबरावर येतात. चाकाला चिकटलेली काळी माती शंभर-दोनशे फूट रस्त्यावर पसरत जाते. वरून रिमझिम पडली की तिचं लोणी होतं. वळण संपलं, समोर कांद्याची पिकअप थांबलेली, माणूस घाबरून ब्रेक दाबतो, पुढचं चाक लॉक होतं आणि गाडी खाली. मी त्या रस्त्याने कित्येक वर्षं ये-जा करतोय, असे पडलेले लोक उचललेत.

एबीएस चाकाचा वेग सेन्सरने मोजत असतं. चाक थांबायला आलं की ब्रेकचा दाब क्षणभर सोडतं, परत देतं, सेकंदात कितीतरी वेळा. चाक फिरत राहतं, म्हणून हँडल ऐकतं. हे गॅरेजमध्ये बसवून मिळत नाही. सेन्सरची रिंग, मॉड्युलेटर, कंट्रोल युनिट हे सगळं त्या गाडीच्या वजनाला आणि ब्रेकला जुळवून कारखान्यात बसवलेलं असतं. तुम्ही लाख काय, दोन लाख घातले तरी ही एक वस्तू जुन्या गाडीला लागणार नाही. मागे बायको बसणार असेल तर माझ्यासाठी विषय इथेच संपतो. 450 घ्या, नवी क्लासिक घ्या, होंडाची 350 घ्या, पण ड्युअल चॅनल, म्हणजे दोन्ही चाकांना एबीएस असलेली घ्या.

घाटवाट

पंचवटीकर, मुद्दा वजनदार आहे, नाही म्हणत नाही. फक्त दोन गोष्टी जोडतो. गाडी वळणात कललेली असताना साधं एबीएस मर्यादितच मदत करतं, ते सरळ रेषेत जास्त कामाचं. आणि कडक झालेल्या टायरवर एबीएससुद्धा लांबच थांबतं. टायर, वेग आणि पुढच्या गाडीपासूनचं अंतर यांची जागा ते घेत नाही.

पंचवटीकर

मान्य. टायर तर हवेच. पण दचकून दाबलेला ब्रेक माणूस ठरवून दाबत नाही. त्या अर्ध्या सेकंदात शिकलेलं सगळं आठवेल याची खात्री मला स्वतःबद्दलही नाही, म्हणून मी एबीएस नसलेली गाडी घाटात नेणं बंद केलं.

कलम_बावन्न

यादीतल्या काही गोष्टी कायद्याच्या बाजूने बघून घ्या, नंतर पेठ रोडला आरटीओत चकरा नकोत.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीवर लिहिलेल्या आणि कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम 182-अ आलं, त्यात असा बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. टाकीचा रंग आरसीवरच्या रंगापेक्षा वेगळा करायचा असेल तर आधी आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद.

सायलेन्सरला तर हातच लावू नका. आवाजाच्या मर्यादेबाहेरचा सायलेन्सर हा वेगळा गुन्हा आहे, आणि कानाला त्रास गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना होतो तो निराळा.

कस्टमवाले आणखी एक करतात, मागचा साडी गार्ड आणि सीटचा पट्टा काढून टाकतात, गाडी "स्वच्छ" दिसावी म्हणून. केंद्रीय मोटार वाहन नियम 123 प्रमाणे मागे बसणाऱ्याला धरायला आधार, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं संरक्षण असणं बंधनकारक आहे. ओढणी किंवा पदर चाकात गेल्यावर काय होतं ते पाहिलेला माणूस हा पत्रा कधी काढणार नाही.

सीट, ग्रिप, बारएंड, टायरची मूळ मापं राखून बदल, चांगले शॉकअप, यांवर कोणी बोट ठेवत नाही.

विमाखिडकी

पैशाची बाजू राहिली, ती मांडतो. 350 सीसी ही रेघ लक्षात ठेवा, कारण दोन ठिकाणी ती आडवी येते.

22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकीला जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला आणि त्यावरच्या गाड्यांना 40 टक्के. नवी क्लासिक 349 सीसीची, म्हणजे रेघेच्या आत. हिमालयन 452 ची, म्हणजे बाहेर. दुसरं, थर्ड पार्टी विमा. 2022 पासूनच्या दरांप्रमाणे 150 ते 350 सीसीला वर्षाला 1366 रुपये आणि 350 च्या वर 2804, कर वेगळा. नवी गाडी घेताना पाच वर्षांचा एकदम भरावा लागतो, तो अनुक्रमे 7365 आणि 15117.

कर्जाचं उदाहरण घ्या. दोन लाख, तीन वर्षं, व्याज 11 टक्के धरलं तर हप्ता साधारण 6550 येतो आणि तीन वर्षांत व्याजापोटी पस्तीस हजारांच्या वर जातात. तुम्हाला झेपेल, पण लाखाचं कस्टम विरुद्ध नवी गाडी अशी तुलना करताना ही रक्कमही धरा. नव्या गाडीची विम्यातली किंमतही पहिल्या दोन-तीन वर्षांतच झपाट्याने उतरते: दोन ते तीन वर्षांच्या गाडीला 30 टक्के घसारा, चार ते पाच वर्षांच्या गाडीला 50.

जुन्या गाडीवर महागाचं काही बसवलं तर ते विमा कंपनीला कळवून पॉलिसीत लिहून घ्या. न कळवलेल्या वस्तूची भरपाई मिळत नाही, आणि बेकायदा बदल असेल तर पूर्ण दाव्यावरच वाद होतो.

रानवारा

सगळं वाचलं. मी "450 घ्या" म्हणाले होते, पण एक प्रश्न कोणीच विचारला नाही. मागे बसणारीला विचारलं का? 450 ची सीट 825 मिमी उंच, मागची त्याहून वर. साडी नेसून किंवा पिशवी घेऊन चढउतार करायची असेल तर शोरूमला वहिनींना घेऊन जा, नुसतं बसून नाही, दहा-पंधरा मिनिटं चालवून बघा. मी स्वतः एक्सपल्स चालवते, तिच्यावर मागे बसायला माझी बहीण तयार होत नाही. उंच गाडी चालवणाऱ्याला आवडते, मागच्याला क्वचितच.

पाथर्डीफाटा

मंडळी, उशिरा लिहितोय, पण मधल्या काळात बरंच काही केलं.

मिस्त्रींनी सांगितल्याप्रमाणे आधी गाडी मेन स्टँडला लावून चाक हलवलं. चिमट्यासकट हलत होतं, डोळ्यांना दिसेल इतकं. बुश, कोनसेट, फोर्कचं तेल, दोन्ही टायर, चेनसेट, हेडलाइटला रिले, पेट्रोलची नळी हे सगळं एका ओळखीच्या मिस्त्रीकडून समोर उभं राहून करून घेतलं. कस्टमच्या यादीच्या पावपटीतही खर्च आला नाही. डुलणं बंद. लाइट इतका सुधारला की नांदुरीनंतरच्या अंधारात हाय बीमला कडेचा मैलाचा दगड वाचता येतो. शॉकअप दोन खाचा वर घेतले, आपटा बराच कमी. सीटचा फोम तेवढा बदलला, वरचं कव्हर जुनंच.

थरथर आहे तशी आहे. 70 पर्यंत सुसह्य, पुढे तीच.

मग सौ. ला घेऊन दोन्ही गाड्यांची टेस्ट राइड घेतली. 450 मला फार आवडली, खोटं कशाला बोलू. गंगापूर रोडच्या पुढे मोकळा रस्ता मिळाल्यावर ती जी ओढते, ते वेगळंच प्रकरण आहे. खड्डे तर समजतच नाहीत. पण सौ. एकदा चढली, उतरताना माझ्या खांद्याला धरून लोंबकळली आणि म्हणाली, तुम्ही एकटे जा हिच्यावर. नव्या क्लासिकवर तिने पहिल्या दोन मिनिटांतच विचारलं, "हिचे हात-पाय का थरथरत नाहीत?" घाटवाट, तुमचा बॅलन्सर तिने सीटवर बसून ओळखला.

तर ठरवलंय असं. लाखाची यादी रद्द. 450 पण नाही. पाडव्याला ड्युअल चॅनल एबीएसवाली क्लासिक 350 घ्यायची, तोवर पैसे साठवून कर्ज लाखाच्या आत ठेवायचं. पंचवटीकर, तुमची पोस्ट सौ. ने वाचली आणि तेव्हापासून पावसात जुन्या गाडीवर कळवणला जाणं बंद आहे, आम्ही एसटीने जातो.

जुनी विकायचं मन होत नव्हतं. मेहुणा मागतोय, त्याला मळ्यातल्या रस्त्याला आणि गावात फिरायला हवी. त्याला द्यावी का?

पंचवटीकर

गावात आणि मळ्यात 40 च्या आत फिरवणार असेल तर द्या. नवे टायर आहेत, बुश नवे आहेत, रस्त्यावरच्या बहुतेक जुन्या बुलेटपेक्षा ती चांगल्या अवस्थेत आहे. मात्र घाटात नेणार नाही असं त्याच्याकडून कबूल करून घ्या, आणि हेल्मेट तुम्हीच घेऊन द्या.

कलम_बावन्न

घरातलाच माणूस म्हणून कागद लांबवू नका. फॉर्म 29 आणि 30 भरून आरसी त्याच्या नावावर करा, मगच चावी द्या. तोवर अपघात झाला तर नोटीस तुमच्या घरी येते. पूर्वी गाडीवर कर्ज होतं का? फेडलं असलं तरी आरसीवर बँकेचा बोजा तसाच राहिलेला असतो. फॉर्म 35 आणि बँकेचा ना हरकत दाखला जोडून तो आधी उतरवा.

विमाखिडकी

आणि नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. इतकी वर्षं दावा केला नसेल तर तुमचा 50 टक्क्यांपर्यंत गेला असेल. गाडी मेहुण्याच्या नावावर झाली की विमा कंपनीकडून बोनस राखून ठेवल्याचं पत्र घ्या. ते तीन वर्षं चालतं. पाडव्याला नव्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात तेवढी सूट मिळेल. शोरूमवाला स्वतःहून विचारत नाही, पत्र तुम्हीच पुढे करायचं.

पाथर्डीफाटा

कर्ज होतं, 2017 ला फिटलं. आरसी आत्ता काढून बघितली, बोजा अजून तसाच आहे. सोमवारी बँकेत जातो.